फुल टाकी

माझा धाकटा भाऊ चार वर्षांपासून एकच वाक्य म्हणतो, आणि ते त्याच्या तोंडी मी घातलेलं आहे. अंगणात स्कूटी वळवायची असो, नव्या टीव्हीची वायर जोडायची असो, नाहीतर लग्नघरी कुणाची चारचाकी जरा मागे घ्यायची असो, तो दोन पावलं सरकतो आणि म्हणतो, "मले नाही जमत, हात नाही आपला." लोकांना तो नम्रपणा वाटतो. मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आम्ही वणीचे. बाबांनी तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला, खाणीतून रेल्वेच्या साईडिंगवर आणि तिथून चंद्रपूरच्या रस्त्याला. आईने तीस वर्षं त्यांचे काळे कपडे वेगळ्या बादलीत धुतले. मी यवतमाळला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि आता ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसच्या काउंटरवर बसते. दिवसभर माझ्यासमोर एकच भांडण चालतं. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब, मेकॅनिक म्हणतो चालवणारा खराब, आणि मी दोघांच्या मधे बसून जॉब कार्ड भरते. हे भांडण मला नवं नाही. आमच्या घरी ते कॉम्प्युटरवरच्या गाडीवरून चालायचं, आणि त्यात मी एक बाजू होते.

भावाला रेसिंगच्या गेमचं वेड होतं. वेड म्हणजे बटणं दाबत बसणारं नव्हे. त्याने नागपूरहून सेकंडहँड स्टेअरिंग आणि पेडल आणले होते, बसमध्ये मांडीवर घेऊन. स्टेअरिंग आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला शिकंज्याने आवळलं, आणि पेडल फरशीवरून घसरू नयेत म्हणून त्यांच्यामागे बाबांच्या ट्रकच्या चाकाला लावायचा लाकडी ठोकळा ठेवला. आई म्हणाली, माझी मशीन गेली. ती खरंच गेली, कारण पुढे दोन वर्षं तिला उशीची खोळसुद्धा शेजारी जाऊन शिवावी लागली.

त्या गेममध्ये गाडी नुसती पळवायची नसते. आधी ती बसवावी लागते. टायरमध्ये हवा किती, मागचा पंख, म्हणजे स्पॉइलर, किती उभा, स्प्रिंग किती कडक, पुढच्या चाकांना ब्रेक जास्त की मागच्या, गिअर लांब की आखूड. एकेक आकडा इकडचा तिकडे केला की वळणावर गाडी वेगळीच वागते. हे सगळं माझ्या आवडीचं. भाऊ चालवायचा आणि मी गाडी बसवायची. मी दोनशे पानी वही घातली होती. डाव्या पानावर काय बदललं, उजव्या पानावर काय झालं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलची वही मी इतकी नीट कधी लिहिली नव्हती.

बाबांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. दिवाणावर चहा घेऊन बसायचे आणि म्हणायचे, गाडी काय करते, चालवणारा पाहिजे. स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यांवर त्यांनी वीस टन कोळसा घाट उतरवला होता, त्यांना मी मागच्या पंखाबद्दल काय सांगणार? भाऊ त्यांच्या बाजूचा. मी एकटी पडायची आणि मग जोरात बोलायची. माझा स्वभाव तसाच आहे, हरायला लागले की आवाज चढतो.

पहिल्याच दिवशीची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. मी गाडीची पहिली बैठक, म्हणजे सगळ्या आकड्यांची मांडणी, तयार करत होते. पडद्यावर तिची पाच पानं होती. शेवटच्या पानावर गाडीचा रंग, गाडीचा नंबर आणि टाकीत तेल किती. बाबा चष्मा लावून जवळ आले. या खेळाकडे ते आपणहून पहिल्यांदाच आले होते. त्यांनी विचारलं, यात डिझेल किती हाय? मी म्हटलं, पेट्रोल असतं बाबा, आठ लिटर आहे. त्यांचा चेहराच पडला.

आमच्या घराचा एक नियम होता, टाकी फुल केल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही. तरुणपणी एकदा बाबांच्या ट्रकचं डिझेल रस्त्यात संपत आलं, पाइपात हवा धरली, आणि उन्हात दिवसभर हाताने पंप मारत बसावं लागलं. तेव्हापासून त्यांनी अर्ध्या टाकीवर गाडी हलवली नाही. माझ्या स्कूटीचीसुद्धा टाकी ते स्वतः झाकण उघडून बघतात. म्हणून ते म्हणाले, "फुल कर." मी हसत हसत ती पट्टी उजवीकडे टोकापर्यंत ओढली, पंचेचाळीस लिटर. बाबा खूश होऊन परत दिवाणावर गेले. ती बैठक मी जतन केली, आणि पुढची प्रत्येक बैठक तिच्यावरूनच बनवली. शेवटच्या पानावर पुन्हा गेले नाही. रंग आणि नंबर भावाचा प्रांत होता, आणि तो एकदाच ठरवून झाला होता.

भाऊ तेव्हा बावीसचा. बीएस्सीचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेलं. अशात एक ऑनलाइन स्पर्धा निघाली. चार दिवस, एकच ट्रॅक, ज्याची जी सर्वांत चांगली एक फेरी ती धरायची. पहिल्या वीसजणांना पुण्याला बोलावणार, वर्षभर शिकवणार आणि पगारही देणार. बाबा म्हणाले, ही स्पर्धा खेळ. जमलं तर मी स्वतः बसवर सोडायला येतो. नाही जमलं तर साईडिंगच्या गेटवर जागा आहे, सोमवारी तिथे जायचं आणि हे स्टेअरिंग मशीनवरून काढायचं. भावाने मान डोलावली. त्या डोलावण्यात किती होतं ते मला माहीत होतं. कॉलेज सोडल्यावर नातेवाइकांत त्याला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती, आणि हाताला जमतं असं हे एकच होतं.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही तिसाव्या जागेच्या आसपास होतो. तिसऱ्या दिवशी पंचविसावे. एक गोष्ट मात्र दर वेळी व्हायची. गाडी गेममधल्या गॅरेजमधून निघाली की पहिल्या फेऱ्या जड जायच्या आणि भाऊ न थांबता वीस-बावीस फेऱ्या मारत राहिला की वेळ हळूहळू खाली यायची. तो म्हणायचा, हात बसायला वेळ लागतो. मी म्हणायची, तुझा हात तापेपर्यंत थांबायला आपल्याकडे दिवस नाहीत, गाडीच अशी पाहिजे की दुसऱ्या फेरीला वेळ निघेल. म्हणून मी त्याला सारखी गॅरेजमध्ये बोलवायची. आकडा बदलायची, परत पाठवायची. तीन फेऱ्या, परत ये. तीन फेऱ्या, परत ये.

रविवारी संध्याकाळी सहाला स्पर्धा बंद होणार होती. दुपारी आम्ही चोविसावे होतो आणि विसाव्या जागेपासून सेकंदाचे चार दशांश दूर. चार दशांश म्हणजे किती, ते मी कुणाला समजावू शकत नाही. पापणी लवायलाही तेवढाच वेळ लागतो. तीन वाजता लाईन गेली. तासभर तिघंही पंख्याकडे बघत बसलो. आईने देवाजवळ दिवा लावला आणि तो कशासाठी हे सांगितलं नाही. चारनंतर लाईन आली, आणि तिथून माझं डोकं फिरलं.

मी वहीतलं सगळं त्या दोन तासांत करून पाहिलं. पंख पाडला, उभा केला. हवा काढली, भरली. स्प्रिंग कडक केली तर गाडी वळणावर उडायला लागली, नरम केली तर पसरायला लागली. भावाच्या हाताला घाम येत होता, तो दर वेळी पँटला पुसत होता. साडेपाचला तो म्हणाला, "ताई, मले जरा सलग चालू दे ना. हात बसून राह्यला आता."

मी नाही म्हटलं. मी म्हटलं, अजून एक बदल, मग चालव.

तो एक बदल करूनही वेळ तीच आली. सहाला दहा मिनिटं कमी होती. माझी दोनशे पानी वही संपली होती, माझ्याजवळ बदलायला काही उरलं नव्हतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. आयुष्यभर मी गाडीची बाजू घेत भांडले होते. त्या दिवशी मी ओरडून म्हणाले, "माझी गाडी बरोबर आहे. हातच नाही तुझा. कायले स्वतःले फसवून राह्यला?"

 उरलेल्या वेळात त्याने चार फेऱ्या मारल्या, दोनदा गवतात गेला. सहाला पडद्यावर यादी आली आणि आम्ही चोविसावेच होतो. बाबा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ दे. आईने गॅस बंद करून सगळ्यांना जेवायला वाढलं. सोमवारी सकाळी भावाने शिकंजा सोडला, मशीनच्या टेबलावर त्याचे दोन दाब उमटले होते ते अंगठ्याने चोळले, आणि बाबांचा जुना डबा घेऊन साईडिंगवर गेला.

तेव्हापासून तो गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो. चालवत काहीच नाही. दुसरे चालवतात, हा लिहितो. आणि मी म्हटलेलं वाक्य त्याने रागाने फेकून दिलं नाही, ते त्याने जपून ठेवलं. मी दोनदा माफी मागितली. तो हसून म्हणाला, "तू खरंच बोलली ना ताई, त्यात माफी कायची."

गेल्या दिवाळीच्या आधी खोली रंगवायला काढली. आईला तो कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायचा होता. त्यातले फोटो काढून घ्यावेत म्हणून मी तो सुरू केला आणि फोटो सोडून गेम उघडला. का उघडला ते माहीत नाही. आमच्या बैठका तशाच होत्या, एकाखाली एक, माझ्याच हाताने नावं दिलेल्या. शेवटची उघडली. पानं उलटत गेले. हवा, पंख, स्प्रिंग, ब्रेक. मग शेवटचं पान. लाल रंग, भावाने निवडलेला नंबर, आणि त्याखाली टाकी. पट्टी उजवीकडे टोकाला. पंचेचाळीस लिटर.

एक फेरी मारायला त्या गाडीला दीड लिटर तेल लागत होतं.

मी डिप्लोमा केलेली बाई. जड गाडी हळू पळते हे सांगायला डिप्लोमाही लागत नाही. एका फेरीसाठी आम्ही चार दिवस तीसेक किलोचं ओझं वाहत होतो. भाऊ सलग चालवायचा तेव्हा त्याचा हात बसत नव्हता, टाकी रिकामी होत होती. गाडी हलकी होऊन वेळ खाली यायला लागली की मी त्याला गॅरेजमध्ये बोलवायची आणि टाकी आपोआप पुन्हा काठोकाठ भरायची. हे बाकीच्या सगळ्यांना ठाऊक असणार. कुणी कुठे लिहिलं नाही, कारण ते लिहिण्यासारखं आहे असं कुणाला वाटलंच नसेल. टाकी फुल करून एका फेरीला निघणारं घर आमचंच असेल.

मी पंख्याखाली बसून घामाने भिजले होते. पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते. कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकू, असा तो विचार होता. दिला नाही, पण सांगितलंही नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. भावाला काय सांगू? चूक माझी होती हे सांगायला मी तयार होते. पण टाकी कुणी फुल करायला सांगितली हे त्याला आठवणार होतं, आणि बाबा या खेळाकडे आपणहून आले होते ते त्या एकाच वेळी, त्याचं मी काय करणार होते? अशा सबबी मी आठ महिने घोळवल्या. खरं कारण एवढंच की मी घाबरले होते.

मग जूनमध्ये साईडिंगच्या साहेबांनी भावाला विचारलं, लोडर शिकतोस का? लोडर म्हणजे वॅगनमध्ये कोळसा भरणारं मोठं मशीन. एक ऑपरेटर जाणार होता, जागा होती, शिकवायला तयार होते. भावाने नाही सांगितलं. रात्रीच्या जेवणात हे त्याने भाजीत मीठ कमी आहे इतक्या सहज सांगितलं. "हाताचं काम हाय ते. आपल्याले कुठं जमते." बाबांनी ताटातून मान वर केली नाही.  त्या क्षणी मला कळलं की हे वाक्य तो म्हातारा होईपर्यंत म्हणणार आहे.

रविवारी सकाळी बाबा बाजारात गेल्यावर मी त्याला खोलीत बोलावलं आणि सांगितलं. पडदा दाखवला. टाकी दाखवली. फुल कुणी करायला सांगितली तेही त्याला आठवलं, मी काही बोलायच्या आधीच. त्याने त्या पट्टीवरून टोकापर्यंत बोट नेलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, स्टेअरिंग कुठे आहे?

ते माळ्यावर होतं. आम्ही दोघांनी ते पुसलं, मशीनच्या टेबलाला आवळलं, त्याच जुन्या दाबांवर. ठोकळा सापडला नाही म्हणून पेडलमागे मी तांदळाचा डबा लावला. टाकी तीन लिटरवर आणली. बाकी एकही आकडा बदलला नाही. गेममध्ये आपली जुनी सर्वांत चांगली फेरी सावलीसारखी समोर पळते, तिला भूत म्हणतात. आमच्या त्या रविवारचं भूत अजून तिथेच होतं, फिकट पांढरं, फुल टाकीचं.

पहिल्या फेऱ्यांत तो हरला. चार वर्षं हात लागला नव्हता. वळण चुकायचं, पाय उशिरा पडायचा. तेल संपलं की मी परत तीन लिटर भरायची. आई दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता गेली. मी मनात काय म्हणत होते ते लिहितेच. मी म्हणत होते, हरू दे. त्याचा हात खरंच नसू दे. मग मी खोटं बोलले नव्हते असं होईल.

अकरा वाजायला आले असतील. त्या फेरीला तो तिसऱ्या वळणावर भुताच्या शेजारी आला. पाचव्यावर पुढे गेला. मग सरळ रस्ता लागला आणि भूत पडद्यावरून मागे गेलं ते परत दिसलंच नाही. रेषा ओलांडली. जुन्या वेळेपेक्षा सहा दशांश कमी. आम्हाला हवे होते चार.

मला वाटलं होतं तो हसेल. किमान मला शिवी देईल. त्याने स्टेअरिंगवरून हात काढले, गाडी आपोआप गवतात जाऊन थांबली, आणि तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे होता हात." हात पँटला पुसत म्हणाला, "ताई, मी साहेबाले नाही म्हणून आलो ना. काल दुसऱ्याले घेतलं त्यायनं."

 दिवाळीत सांगितलं असतं तर तो आज लोडरवर असता, हे मी मोजलं होतं आणि तोही मोजत होता. चार वर्षांतली तीनहून जास्त चुकीपायी गेली होती, शेवटचे आठ महिने मी जाणूनबुजून घेतले होते. मी म्हटलं, मी साहेबांशी बोलते. तो म्हणाला, नको.

तेवढ्यात बाबा आले. हातात भाजीची पिशवी. स्टेअरिंग दिसल्यावर दारातच थांबले, मग चपला न काढता आत आले. पडद्यावरचे आकडे त्यांना वाचता येतात, तेवढं ते त्या चार दिवसांत शिकले होते. त्यांनी चष्मा लावला, वेळ वाचली, पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला किती वर्षांत पाहिला नव्हता. पिशवी दिवाणावर ठेवत ते म्हणाले, "मी कवाचा सांगून राह्यलो, याचा हात चांगला हाय म्हून. टाकी फुल हाय ना?"

पडद्याच्या कोपऱ्यात टाकीचा आकडा होता, दीड लिटर. भावाने खुर्ची थोडी सरकवली, त्याचा खांदा त्या कोपऱ्यापुढे आला.

"फुल हाय, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आईला सांगायला आत गेले. भावाने शिकंजा सोडायला घेतला. मी मदतीला हात पुढे केला, तर त्याने तो हळूच बाजूला केला. दुपारची ड्यूटी होती, तो डबा घेऊन गेटवर निघून गेला.